डावीकडून उगवणाऱ्या गाड्या

"आंधळं आहे तुमचं कार्ड! ठार आंधळं!"

"काका, कार्डाला डोळे नसतात. त्याचं काम चित्र काढायचं. बघायचं काम तुमचं."

"मग नीट काढायला सांगा की त्याला! रस्ता मोकळा दिसतो म्हणून मी डावीकडे घेतो, आणि धाडकन ट्रक! आधी नव्हता, आता आहे. काय, जमिनीतून उगवला? तिसरं कार्ड आहे हे. तिसरं!"

"तिसरं हे मलाही ठाऊक आहे. तिन्ही मीच बसवलीत."

"तेच तर म्हणतोय मी!"

दुकान इतकं अरुंद की भांडणाऱ्या दोघांत एक काउंटर ठेवला की तिसऱ्याला उभं राहायला जागा नाही. भिंतीला उघडे कॉम्प्युटर, त्यांतून लोंबणाऱ्या वायरी, आणि काउंटरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला काकांचा मॉनिटर. चौतीस इंची, ऐसपैस, कडांना किंचित आत वळलेला. तो त्यांनी कॉम्प्युटरसकट घरून बसमधून आणला होता. पहिल्या दोन सीटांवर आडवा निजवून, वर पट्टा बांधून. शाळेची बस बाहेर फुटपाथला लागून उभी होती आणि काका दर दोन वाक्यांमागे तिच्याकडे पाहत होते. सव्वा वाजला होता. अडीचला शाळा सुटायची.

काकांना सगळे 'बिनहॉर्न' म्हणत. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, पण हॉर्न वाजवलेला कुणी ऐकला नव्हता. बस बदलून नवी आली तेव्हा तिचा हॉर्न चालतो की नाही हे तपासायलाही त्यांनी गॅरेजच्या पोऱ्याला दाबायला लावला होता म्हणे. "हॉर्न कोण वाजवतो? ज्याचं आधी लक्ष नव्हतं तो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नव्या ड्रायव्हरांना ते शिकवताना स्टिअरिंगच्या मधोमध चिंधी बांधत आणि म्हणत, "हात गेलाच तर लाज वाटू दे." गल्लीच्या तोंडाशी कुत्रं वळायच्या आधी काकांची बस मंद झालेली असे. आया मुलांना शेंबूड पुसून बिनधास्त त्यांच्या हवाली करत.

पण सव्वीस वर्षं म्हणजे सव्वीस वर्षं तोच रस्ता. चौदा किलोमीटर जायचे, चौदा यायचे. बारा थांबे. घाट नाही, बोगदा नाही, साधा लांबलचक पूलही नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घरी त्यांनी ट्रक चालवायचा खेळ पाहिला आणि माणूस खुळावला. बर्फाचे डोंगर, समुद्राकाठचे रस्ते, तीन दिवस चालवलं तरी न संपणारे हायवे! काकूंनी हात टेकले. "दिवसभर खरी बस, संध्याकाळी खोटा ट्रक. ह्यांना जेवायला वाढताना मी 'थांबा' लिहून पाटी लावावी म्हणते." काका मात्र जुन्या चौकोनी मॉनिटरवर नाराज. "ही काय काच आहे? हा तर गाडीतला आरसा झाला." मग गेल्या वाढदिवसाला लेकीनं हा रुंद मॉनिटर दिला. काकांनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली, दोन्ही हात पसरून मोजला आणि म्हणाले, "आता कशी, बसची काच!"

काच आली, पण तिच्यावर चित्र काढायला जुन्या कॉम्प्युटरची ताकद पुरेना. रस्ता अडखळायचा, झाडं थरथरायची. तेव्हा ते पहिल्यांदा ह्या दुकानात आले.

कॉम्प्युटरला चित्र काढून देणारी ग्राफिक्स कार्डं विकते म्हणून दुकानवालीला लोक 'कार्डवाली' म्हणत. पंचेचाळिशीची, केसांत स्क्रूड्रायव्हर खोचलेली, चष्मा कपाळावर चढवलेली. गिऱ्हाईक आलं की ती कार्ड दाखवत नसे, आधी उलटतपासणी घेई. काय खेळता? मॉनिटर केवढा? खुर्ची त्याच्यापासून किती लांब? काकांना तिनं भिंतीचं उदाहरण दिलं होतं. "काका, कार्ड म्हणजे रंगारी. नेहमीचा मॉनिटर ही एक भिंत धरा. तुमची भिंत तेवढीच उंच, पण रुंदीला तिसरा हिस्सा जास्त. जवळपास पन्नास लाख ठिपके, आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगवायचे. रंगारी दमेल की नाही?"

"दमेल."

"म्हणून जरा तगडा रंगारी घ्या."

तो घेतला. दहा दिवसांत काका परत. चित्र आता लोण्यासारखं पळतंय, पण गाड्या अचानक समोर येतात. "म्हणजे उगवतात," कार्डवाली म्हणाली. हा तिच्या दुकानातला शब्द. कार्डाची मेमरी कमी पडली की लांबची झाडं, घरं, गाड्या वेळेवर काढून होत नाहीत आणि मग एकदम टपकतात. तिनं जास्त मेमरीचं दुसरं कार्ड दिलं. ते इतकं लांब की कॉम्प्युटरच्या डब्याच्या आतली एक जाळी काढावी लागली. तरी गाड्या उगवतच राहिल्या. मग हे तिसरं. त्याच्यासाठी वीजपुरवठ्याचा डबाही बदलला. तीन पंखे, वजनाला विटेएवढं.

आणि तरीही काका आज काउंटरवर मूठ आपटत होते.

दार उघडलं आणि त्यांची लेक आत आली. दोन चौक पलीकडे दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसायची. कार्डवालीनं तिला फोन करून एवढंच सांगितलं होतं, "जेवणाच्या सुट्टीत या आणि तुमच्या बाबांना घेऊन जा. नाहीतर मी घेऊन जाते कुठेतरी."

"बाबा! फुटपाथवर ऐकू येतंय तुमचं! आमच्याकडे दाढ उपटतानासुद्धा माणसं एवढी ओरडत नाहीत."

"तू मधे पडू नकोस. ह्या बाईंनी मला तीनदा फसवलंय."

"फसवलं?" कार्डवालीनं स्क्रूड्रायव्हर केसांतून उपसला. "अहो, एवढं कार्ड लोक सिनेमे बनवायला नेतात! तुम्ही त्याच्यावर ट्रकमधून टोमॅटो वाहता!"

"काकडी होती."

"काय?"

"टोमॅटो गेल्या आठवड्यात. आज काकडी."

लेक फिस्सकन हसली. कार्डवालीलाही हसू आवरेना, आणि भांडणातली हवाच गेली. तिनं शेजारच्या टपरीवर फोन करून तीन चहा सांगितले, काकांचा कॉम्प्युटर चालू केला आणि एक स्टूल मॉनिटरच्या पुढ्यात ओढलं. "बसा काका. चालवा. आज मी तुमच्या मागे उभी राहते. कुठे उगवतंय ते मला बोटानं दाखवायचं."

काका बसले. बाकी काही असो, चालवायला बसले की माणूस वेगळा दिसायचा. पाठ ताठ, खांदे सैल. समोर रुंद स्क्रीनभर संध्याकाळचा हायवे पसरला. कार्डाचे पंखे हळू घुमू लागले.

"बघा कसं मस्त चित्र," कार्डवाली म्हणाली. "एक झाड थरथरतंय का?"

"नाही. झाडं चांगली आहेत. झाडांबद्दल तक्रार नाही."

चहा आला. कार्डवालीनं एक कप लेकीला दिला, एक स्वतः घेतला, आणि काकांचा त्यांच्या कोपराशी काउंटरवर ठेवला. सगळ्यांचं लक्ष रस्त्यावर होतं. डावीकडच्या जोडरस्त्यानं एक निळा ट्रक आला आणि हायवेला लागून हळूहळू पुढे सरकू लागला. काकांची गाडी त्याच्या जवळ चालली. आणखी जवळ.

"बाबा," लेक म्हणाली.

काकांनी शांतपणे गाडी डाव्या पट्ट्यात घेतली.

"बाबा, ट्रक!"

धाडकन आवाज झाला. काकड्यांचा ट्रक आडवा झाला.

"हे बघा! हे!" काका विजयी आवाजात ओरडले. "बघितलंत ना? आता कुठून आला हा? सांगा!"



"बाबा, तो केव्हाचा तिथे होता."

"नव्हता."

"अहो, मी चहाचे दोन घोट घेतले तेवढा वेळ होता. निळा. मागे शिडी लावलेला."

"शिडीबिडी काही नाही. रस्ता मोकळा होता. मी काय आंधळा आहे?"

"तुम्ही बाजूला उभ्या होतात," कार्डवाली लेकीला म्हणाली. पण आवाजात मघाची धार नव्हती. "कधीकधी मॉनिटरच्या एका कडेचा उजेड मंद होतो. समोरून पाहणाऱ्याला ते जाणवतं. थांबा."

तिनं मॉनिटर स्टँडवरून सोडवला, लेकीच्या मदतीनं उलटा केला, खालची बाजू वर, आणि चित्रही सेटिंगमधून उलटवून सरळ केलं. आता मॉनिटरची डावी कड उजवीकडे गेली होती. "दोष मॉनिटरात असेल तर आता गाड्या उजवीकडून उगवतील. चालवा."

"उलटा मॉनिटर, सुलटं चित्र," लेक पुटपुटली. "हे बघायला आई हवी होती."

काकांनी पुन्हा गाडी काढली. उजवीकडून एक मोटार आली. काकांनी ती लांबूनच हेरली, वेग कमी केला. उजवीकडून बस आली. तीही हेरली. मग डावीकडून एक पांढरी व्हॅन आली. ती इतकी ठळक, इतकी मोठी, की लेकीनं नकळत हात पुढे केला.

धाडकन.

"परत डावीकडून!" काका म्हणाले. "म्हणजे मॉनिटर ठीक आहे. बघा, मी म्हणतच होतो. कार्डच आंधळं."

 कार्डवाली काकांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत होती.

"काका," ती सावकाश म्हणाली, "पहिलं कार्ड होतं तेव्हा गाड्या कुठून उगवायच्या?"

"कुठून म्हणजे?"

"कुठल्या बाजूनं?"

काका विचारात पडले. "डावीकडूनच की."

"दुसरं होतं तेव्हा?"

"डावीकडून."

"लांबवर उगवायच्या, की अगदी जवळ?"

"जवळ. एकदम नाकापाशी."

"काका, मेमरी कमी पडते तेव्हा लांबच्या वस्तू उगवतात. पार क्षितिजाजवळ. आणि सगळ्या रुंदीभर. कार्डाला…" ती थांबली. आता बोलायचं ते तिनं आधी स्वतःच ऐकलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. "कार्डाला डावं-उजवं नसतं हो."



"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काहीच म्हणायचं नाही. मी तीन कार्डं बदलली आणि एकदाही विचारलं नाही की फक्त डावीकडूनच का. एवढंच मला दिसतंय."

"उगाच गूढ बोलू नका." काका पुन्हा मॉनिटरकडे वळले. चिडले की त्यांना काहीतरी प्यायला लागे. "आणि चहा सांगितला होता ना तुम्ही? तुम्ही दोघी पीत बसलात. माझा टपरीवाला विसरला वाटतं."

लेकीनं काउंटरकडे पाहिलं. कार्डवालीनंही. काकांच्या डाव्या कोपरापासून चार बोटांवर कप होता. भरलेला, काठोकाठ. चहावर जाड साय धरली होती आणि सायीला सुरकुती पडली होती.

"बाबा," लेक म्हणाली, "तुमचा चहा."

"कुठाय?"

"इथे. तुमच्या हाताशी."

काकांनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग मान पूर्ण डावीकडे वळवली आणि दचकून हात मागे घेतला. जणू कप आत्ता, ह्या क्षणी, काउंटरमधून वर आला होता.

"हा कधी ठेवला?"

लेकीनं कार्डवालीकडे पाहिलं.

"कधी ठेवला, विचारतोय मी!"

"निळा ट्रक यायच्या आधी," कार्डवाली म्हणाली.

तिनं काकांना स्टुलावर आपल्याकडे वळवलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही. मी स्क्रूड्रायव्हर बाजूनं आणते. दिसला की 'आला' म्हणायचं."

"ही काय जत्रा आहे?"

"बाबा, बघा ना. माझ्यासाठी."

उजवीकडून पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर पुढे सरकला. कानाच्या रेषेत येतो न येतो तोच काका म्हणाले, "आला." कार्डवालीनं हात बदलला. डावीकडून. कानाची रेषा गेली. गालाची गेली. डोळ्याच्या कडेपाशी आला. लेक श्वास रोखून बघत होती. मूठ कार्डवालीच्या स्वतःच्या गालाला टेकली, नाकाच्या दिशेनं सरकली…

"चला ना, आणा की," काका म्हणाले. "किती वेळ?"

आणखी दोन बोटं.

"आला."



"एक डोळा झाका आता," कार्डवाली म्हणाली. मग दुसरा झाकायला लावला. दोन्ही वेळा तेच. डावीकडचं जग त्यांच्या नाकापाशी येऊन संपत होतं, आणि संपतंय हे त्यांना दिसतही नव्हतं. अंधार असता तर कळला असता. तिथे अंधार नव्हता. तिथे मोकळा रस्ता होता.

"शक्य नाही," काका म्हणाले. "आठ महिन्यांपूर्वी तपासणी झालीये माझी. भिंतीवरची सगळी अक्षरं वाचली. शेवटची ओळसुद्धा. डॉक्टर म्हणाला, तरुणांना लाजवताय."

"अक्षरं समोर असतात, बाबा."

"मग?"

"समोरचं तुम्हाला दिसतंच आहे." लेक पटापट बोलू लागली, जणू थांबली तर बोलवणार नाही. "आई गेले दोन महिने म्हणतेय, हे दाराच्या चौकटीला खांदा मारतात. मी म्हटलं, घाईत असतील. बसचा डावा आरसा फुटला. तुम्ही म्हणालात, खांबच चुकीच्या जागी रोवलाय. आणि बाबा… तुम्ही हॉर्न वाजवायला लागलात. माझ्या दवाखान्यासमोरून जाताना मी दोनदा ऐकला. मला वाटलं दुसरी कुठली बस."

 हॉर्नचं ऐकून काकांच्या मानेवर लाली चढली.

"रहदारी वाढलीये," ते म्हणाले. "लोक कुठूनही घुसतात. एकदम समोर…"

वाक्य अर्धंच राहिलं. आपल्याच तोंडून बाहेर पडलेला शब्द त्यांनी ऐकला. एकदम समोर. आधी नव्हता, आता आहे.

त्यांची नजर काचेच्या दारातून बाहेर गेली. बस उभी होती. ड्रायव्हरची सीट उजवीकडे, आणि फुटपाथच्या बाजूला, डावीकडे, मुलांचं दार. तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली. सव्वीस वर्षं मुलं त्याच बाजूनं चढली होती, त्याच बाजूनं उतरली होती. भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते.

"मी शाळेत फोन करते," कार्डवाली हळूच म्हणाली. "दुसरा ड्रायव्हर पाठवायला सांगते. तुम्ही दोघं आज, आत्ता, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. कदाचित साधंच काही असेल. डोळ्याचं असेल, नाहीतर… मला नाही कळत त्यातलं. मला कार्डांतलं कळतं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. राग शोधत असल्यासारखं पाहिलं, पण मिळाला नाही.

"बाबा." लेक आता अगदी हळू बोलत होती. तिनं कप खाली ठेवला होता आणि दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली होती. "गेल्या महिन्यातली गोष्ट तुम्ही घरी येऊन सांगितली होती. सातव्या थांब्याची."



सातव्या थांब्याची गोष्ट त्यांनी जेवताना हसत सांगितली होती. बसमधल्या मावशी, म्हणजे मुलांना हात धरून चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या, फार घाबरट. दार लागलं, मी गाडी हलवली, तर बाईनं आतून पत्र्यावर अशी थाप मारली की मला वाटलं टायर फुटला. करकचून ब्रेक दाबला. मागे पोरं एकमेकांवर पडली. काय, तर पहिलीतली एक चिमुरडी पडलेला रबर उचलायला चाकापाशी वाकली होती. एवढ्यातेवढ्याला बाई थयथयाट करते. मी काय मुलीला बघितलं नसेल? सव्वीस वर्षं काय डोळे मिटून चालवतोय? असं म्हणून त्यांनी भात मागून घेतला होता, आणि काकू हसल्या होत्या, आणि लेकही हसली होती.

"तुम्ही म्हणालात, ती दिसत होती तुम्हाला. म्हणालात, मी थांबणारच होतो. बाबा, खरं सांगा. मावशींनी थाप मारायच्या आधी ती मुलगी तुम्हाला दिसली होती का?"

मॉनिटरवर काकड्यांचा ट्रक आडवा पडून होता आणि त्याचं एक चाक अजून फिरत होतं.

काकांनी खिशात हात घातला. बसची किल्ली काढली, आणि ती काउंटरवर चाचपत, साय धरलेल्या कपाच्या पलीकडे, पार डावीकडे सरकवून ठेवली. तिच्याकडे पाहिलं नाही. स्टुलावरून उठले, लेकीच्या समोरून गेले, दार ढकललं. डावा खांदा चौकटीला लागला. ते क्षणभर तिथेच थांबले, चौकटीवर हात ठेवून, आणि मग बसच्या शेजारून चालत निघून गेले.